बहात्तरला मी घरीच होते

गेले तीन आठवडे मी गटांच्या बैठकांना नव्हते. कुणी विचारलं, ‘ताई कुठं गायब झाल्या?’ तर मी माहेरी होते. माण तालुक्यात आमचं शेत आहे, शेतातच घर. तिथं माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, अंथरुणाला खिळून आहेत. दिवाळीनंतर त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्हीवर परिणाम झाला. ब्लडप्रेशरची गोळी त्यांनी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून स्वतःच बंद केली होती. तोंड वाकडं झालं तेव्हा आधी तेल चोळण्यात सकाळ गेली. दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला होता. पक्षाघातात पहिले चार-साडेचार तास फार मोलाचे असतात, हे आम्हाला नंतर कळलं. तुमच्या घरी ती वेळ आली तर तेलाची बाटली शोधू नका, गाडी शोधा.

पण आज मला इतिहासाबद्दल बोलायचं आहे. आण्णांच्या खाटेशी बसूनच तो मला भेटला, म्हणून सुरुवात तिथून केली.

मी गेले त्या दिवशी आण्णा मला काहीतरी सांगायला बघत होते. ‘म... म...’ एवढंच कळायचं. मला वाटलं, म्हशीचं विचारतायत. वहिनी चुलीपुढून म्हणाली, ‘मस्टर म्हणतायत. बहात्तरचं मस्टर. तलावाचं चाललंय.’ मी त्यांची लेक, बीए झालेली, रोज पन्नास बायकांशी बोलणारी, आणि मला त्यांचं बोलणं कळेना. वहिनीला पाठ फिरवूनही कळत होतं. दिवसभर तीच ऐकते ना.

आमच्या घराच्या ओट्यावरून पाझर तलावाचा बांध दिसतो. तो बहात्तरच्या दुष्काळात बांधला. आण्णा तेव्हा पंधरा वर्षांचे होते. ते तुटक तुटक सांगायचे, वहिनी जोडून द्यायची. दोन वर्षं पाऊस हुलकावणी देत होता आणि १९७२ साली तर त्यानं पाठच फिरवली. ज्वारी-बाजरी हाती लागली नाही. विहिरी तळाला गेल्या. जनावरं मिळेल त्या भावानं विकली. मग सरकारनं दुष्काळी कामं काढली. कुठं खडी फोडायची, कुठं रस्ता, कुठं नालाबांध, कुठं पाझर तलाव. परदेशातून आलेला लाल मिलो रेशनवर मिळायचा. त्याच्या भाकरीला चव नव्हती, पण भाकरी होती. कामावर सुकडी वाटायचे. ‘सुकडी’ म्हणताना आण्णांच्या वाकड्या ओठावर हसू आलं.

हा दुष्काळ नुसता आपल्या तालुक्याचा नव्हता. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रभरातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं राबत होती. त्यांत बायका फार मोठ्या संख्येनं होत्या. ज्या घरातली बाई कधी दुसऱ्याच्या बांधावर गेली नव्हती, तीही डोक्यावर पाटी घेऊन मुकादमासमोर उभी राहिली. पोटानं जुन्या मर्यादा मोडल्या.

त्याच काळात महाराष्ट्रानं एक मोठी गोष्ट केली. वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातले, विधान परिषदेचे सभापती. ज्याला काम हवं त्याला सरकारनं काम द्यायलाच पाहिजे, हा विचार त्यांनी मांडला आणि १९६५ साली तासगाव तालुक्यात तो करूनही पाहिला. दुष्काळानं तो विचार राज्यभर नेला. पुढे १९७५ मध्ये नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवून योजनेसाठी पैसा उभा केला. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागितलं की पंधरा दिवसांत मिळालं पाहिजे, बाईला आणि बाप्याला एकच दर, कामावर पिण्याचं पाणी, सावली आणि लेकरांची सोय. २००५ साली देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, त्याच्या मुळाशी आपल्या या दुष्काळी मातीतला अनुभव होता.

आणि बाईच्या दृष्टीनं त्यात सगळ्यात मोठी वस्तू कुठली, तर मस्टर. मस्टरवर नाव आलं म्हणजे तू आज काम केलंस, हे सरकारच्या कागदानं कबूल केलं. अंगठा उठवला म्हणजे ते दाम तुझं. कित्येक बायकांचं नाव आयुष्यात पहिल्यांदा कागदावर आलं ते मस्टरवर. शेतात जन्मभर राबल्या, तिथं कुठं कुणी नाव लिहिलं होतं?

हे सगळं मी आण्णांकडून ऐकत होते, वहीत लिहून घेत होते. चौथ्या दिवशी आत्या आल्या भावाला बघायला. आत्या आण्णांपेक्षा दोन वर्षांनी मोठ्या. मी उत्साहानं विचारलं, ‘आत्या, तुम्ही बहात्तरला कुठल्या कामावर होता? पाटी टाकायला का खडी फोडायला?’

आत्या म्हणाल्या, ‘मी न्हाई गं गेले कुठं. मी घरीच व्हते.’

‘मग काय करत होता?’

‘काय करणार? काय न्हाई. घरीच.’

मी वही मिटली. तेवढ्यात आण्णांनी डाव्या हातानं खाटेवर थाप मारली. एकदा, दोनदा. वहिनी धावत आली, त्यांच्या तोंडाजवळ कान नेला आणि आम्हाला म्हणाली, ‘आज्याला कुणी बघितलं, असं विचारतायत.’

मग हळूहळू बाहेर आलं. बहात्तर साली आण्णांचे आजोबा असेच अंथरुणावर होते. त्यांचंही अंगावरून वारं गेलेलं. आजी, आजोबा, चुलते, चुलती आणि पंधरा वर्षांचे आण्णा, सगळे तलावाच्या कामावर. आत्याचं लग्न ठरलेलं, पण दुष्काळामुळं लांबलेलं. ती घरी राहिली. म्हाताऱ्याला उठवणं, बसवणं, भरवणं, धुणं. चुलतीचं आणि शेजारणीचं अशी तीन लेकरं सांभाळायची. दीड कोसावरून पाण्याच्या खेपा. संध्याकाळी कामावरून येणाऱ्या पाच जणांच्या भाकऱ्या. ‘आणि सुकडी?’ मी विचारलं. ‘ती कामावर येणाऱ्याला मिळायची. तुझा बाप पदरात आणायचा माझ्यासाठी थोडी,’ आत्या म्हणाल्या. आण्णा तिकडं तोंड करून रडत होते.

मैत्रिणींनो, आत्या घरी नसत्या तर पाच माणसं कामावर जाऊ शकली असती का? त्या बांधातल्या पाच जणांच्या पाट्यांत आत्याचीही पाटी आहे. पण मस्टरवर पाच नावं. आणि पन्नास वर्षांनी ती स्वतःच म्हणते, ‘काय न्हाई केलं. घरीच होते.’

मी परत आल्यावर जुनी पुस्तकं काढली. आपल्या जनगणनेत नुसतं घरकाम करणारी बाई ‘काम न करणाऱ्यां’च्या रकान्यात जाते. सरकारनं २०१९ साली देशभर पाहणी केली, कोण दिवसातला किती वेळ कशात घालवतं याची. घरकाम करणाऱ्या बाईची तेव्हा दिवसाला २९९ मिनिटं त्यात जात होती, म्हणजे जवळजवळ पाच तास. जे पुरुष घरकाम करतात, त्यांची ९७ मिनिटं. घरातल्या लहान-म्हाताऱ्या-आजारी माणसांची काळजी घेणाऱ्या बाईची वर १३४ मिनिटं, पुरुषाची ७६.

कायदाही बघा. २००७ साली आई-वडिलांच्या सांभाळाचा कायदा झाला. त्यात ‘अपत्यं’ म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. सून त्या शब्दांत नव्हती. म्हणजे कायद्यानं जबाबदारी माझी आणि माझ्या भावाची, आणि भल्या पहाटेपासून आण्णांचं सगळं करते ती वहिनी.

पण हे काम मोजता येतच नाही, असंही नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात एक छोटं कलम घातलं गेलं. कामावर पाच किंवा त्याहून जास्त लहान लेकरं आली, तर एका बाईला त्यांना सांभाळायला ठेवायचं आणि तिला मजुरी द्यायची. ती बाई माती उचलत नाही, तरी तिचं नाव मस्टरवर. म्हणजे सांभाळणं हे काम आहे, हे कायद्याला कळलं. आत्याला कळायला मात्र उशीर झाला. मलाही.

येत्या १० मार्चला सावित्रीबाईंचा स्मृतिदिन. आपण दरवर्षी शाळेची गोष्ट सांगतो. यंदा दुसरी सांगा. जुलै १८८८ मध्ये जोतिरावांना पक्षाघात झाला. त्यांचीही उजवी बाजू गेली. मग त्यांनी डाव्या हातानं ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहून काढलं. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले, पुस्तक १८९१ मध्ये छापून आलं. डाव्या हातानं लिहिलेल्या त्या पुस्तकाबद्दल आपण अभिमानानं बोलतो, बोललंच पाहिजे. पण सव्वादोन वर्षं ज्या माणसाची उजवी बाजू चालत नव्हती, त्याला रोज उठवून बसवल्याशिवाय पुस्तक लिहून होतं का? त्या घरात सावित्रीबाई होत्या. पुढे १८९७ मध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच त्या गेल्या. शिकवणं आणि शुश्रूषा, दोन्ही त्यांचंच काम. आपण एकच लक्षात ठेवलं.

आता माझं सांगते. माहेरी गेले की सगळे माझं कौतुक करत होते. ‘लेक असावी तर अशी, नोकरी सोडून आली बापासाठी.’ आठव्या दिवशी वहिनी भांडी घासता घासता सहज बोलली, ‘आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं पंधरा दिवसांपूर्वी. फोनवर बोलले.’ तिलाही आई आहे, हे मला तेव्हा आठवलं. मी म्हटलं, ‘तू जा. पाच दिवस जा. मी आहे.’ ती नको नको म्हणत गेली.

त्या पाच दिवसांत मला कळलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. रात्रीसुद्धा. भरवताना नीट बसवायचं, नाहीतर ठसका लागतो. आखडलेली बोटं एकेक करून सोडवायची. चादर ओली झाली की माणसाला लाज वाटू न देता बदलायची, हे सगळ्यात अवघड. आण्णा माझ्याकडून धुऊन घ्यायला तयार नव्हते. तोंड फिरवायचे. वहिनीकडून घेतात, कारण तिनं त्यांची लाज जपत जपत ती सवय लावली आहे. दुसऱ्या रात्री मी भावाला उठवलं. तो म्हणाला, ‘मला नाही जमत ते.’ मी म्हटलं, ‘म्हैस व्याली की रात्रभर जागतोस, कोपरापर्यंत हात घालतोस. हे का जमत नाही?’ गप्प उठला. आता रात्रीची एक पाळी त्याची. कधी करतो, कधी झोपून राहतो. वहिनी फोनवर सांगते मला.

आणि शेवटची गोष्ट, जी सांगायला मला जड जातंय. आपल्या एका गटातली एक ताई पावसाळ्यात सलग तीन बैठकांना आली नव्हती. मी तिथं बसून नियम वाचून दाखवला होता. गैरहजर राहिली की दहा रुपये दंड. हजेरी घसरली की गटाची प्रतवारी घसरते, कर्जाला अडचण येते, हे सगळं खरं आहे. इतिवृत्तात मीच लिहून घेतलं : ‘घरगुती कारण, दंड तीस रुपये.’ तिचे सासरे अंथरुणावर होते. दोन ओळी लिहायला जागा होती, आम्ही दोन शब्द लिहिले.

परवा मी तिच्या घरी गेले आणि माफी मागितली. ती म्हणाली, ‘जाऊ द्या ताई, तीस रुपयांचं काय.’ सासरे मागच्या महिन्यात गेले. मी येऊ शकले असते तेव्हा गेले नाही.

गटाच्या बैठकीत विषय मांडला. एक मावशी म्हणाल्या, ‘असं केलं तर उद्या सगळ्याच कारणं सांगतील.’ त्यांचंही खोटं नाही. बराच वाद झाला. शेवटी ठरलं ते असं. घरात कुणी अंथरुणाला असेल तर ते कारण वहीत नीट लिहायचं, कोण आजारी आणि ही काय करते ते. दंड नाही. आणि बैठकीच्या दिवशी गटातल्या एकीनं आळीपाळीनं दोन तास त्या घरी बसायचं, म्हणजे तिला बैठकीला येता येईल. जी बसेल तिचीही हजेरी लागेल. ठराव पास झाला. आमच्या गटाचं हे छोटं मस्टर.

तुम्हाला एक काम देते. घरातल्या, शेजारच्या म्हाताऱ्या बाईला विचारा, ‘बहात्तरला तुम्ही काय करत होता?’ ती म्हणेल, ‘काय न्हाई, घरीच होते.’ तिथं उठू नका. आणखी थोडं बसा. कोण आजारी होतं, लेकरं कोणाजवळ होती, पाणी कुठून आणायची, ते विचारा आणि तिच्या नावासकट लिहून ठेवा.

मी निघाले तेव्हा आण्णा काहीतरी बोलले. ह्या वेळी मला वहिनीला विचारावं लागलं नाही. ‘हिला... पाठव... मधी मधी,’ म्हणाले, वहिनीकडं बोट करून. तिच्या माहेरी. पुढच्या महिन्यात मी पुन्हा चार दिवस जाणार आहे, तेवढ्यासाठी.