रापेनबुर्खचा कालवा आणि डोक्यातलं पाणी

लायडनला येऊन बरीच वर्षं झाली, पण रापेनबुर्ख कालव्याच्या काठाने जाताना ३१ नंबरच्या घरासमोर माझे पाय अजून रेंगाळतात. सतराव्या शतकात इथे फ्रान्सिस्कस सिल्व्हियस नावाचा वैद्यकाचा प्राध्यापक राहायचा. या माणसाचा आणि माझ्या भाचीच्या डोकेदुखीचा संबंध आहे म्हटलं तर तुम्ही हसाल. पण आहे खरा.

भाची नाशिकला असते. सहा वर्षांची असताना तिला क्षयाचा मेंदूज्वर झाला. त्यातून वाचली, पण मेंदूत पाणी साठायला लागलं. मग शंट बसवला, म्हणजे मेंदूतल्या पोकळीतून निघून कातडीखालून पोटात उतरणारी बारीक नळी आणि तिच्या वाटेवर एक व्हॉल्व्ह. ऑपरेशन छान झालं. आमची खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. तिचं डोकं दुखलं की ताईचा फोन: "अरे, क्रोसिन देऊन झोपवू, की दवाखाना गाठू?" मी पडलो इंजिनिअर. डॉक्टरांना विचारण्यासारखे प्रश्न तरी नीट कळावेत म्हणून वाचायला लागलो, आणि वाचता वाचता पोचलो थेट सिल्व्हियसकडे!

सिल्व्हियस १६१४ साली जर्मनीत हानाउला जन्मला, १६५८ मध्ये लायडनला प्राध्यापक झाला आणि १६७२ मध्ये इथेच वारला. पीटर्सकेर्क चर्चमध्ये त्याचं थडगं आहे. जिन ही दारू त्याने शोधली अशी एक दंतकथा आहे, पण ती खोटी. त्याच्या जन्माआधीपासून ती बनत होती. विद्यार्थ्यांना तो थेट रुग्णाच्या खाटेपाशी नेऊन शिकवायचा. ज्या सेसिलिया इस्पितळात १६३६ पासून बारा खाटांवर असं शिक्षण चालायचं, त्याच वास्तूत आज बूरहाव म्युझियम आहे. लायडनला आलात तर चुकवू नका.

मेंदूतल्या तिसऱ्या आणि चौथ्या पोकळीला जोडणारी जी अरुंद वाट, तिला आजही 'सिल्व्हियसची नहर' म्हणतात. ती पाहणारा तो पहिला नव्हे, पण नाव त्याचं चिकटलं. ही वाट तुंबली की वर पाणी साठतं. मोठ्या माणसाच्या मेंदूत रोज साधारण अर्धा लिटर पाणी तयार होतं आणि तेवढंच शोषलं जातं. हा हिशेब नीट लागायला मात्र पुढे बराच काळ जावा लागला.

उपाय सापडला विसाव्या शतकात, आणि तिथे आमची जमात कामाला आली. अमेरिकेतल्या जॉन होल्टर नावाच्या यंत्र कारागिराच्या १९५५ साली जन्मलेल्या मुलाला, केसीला, हा आजार होता. सर्जन युजीन स्पिट्झच्या मदतीने होल्टरने १९५६ मध्ये सिलिकोनचा व्हॉल्व्ह बनवला. केसी पुढे फार वर्षं जगला नाही, पण तो व्हॉल्व्ह जगभर गेला. लेखक रोआल्ड डाल यांच्या तान्ह्या मुलाला १९६० मध्ये न्यूयॉर्कला टॅक्सीची धडक बसली. त्याचा शंट सारखा तुंबायचा. डाल, इंजिनिअर स्टॅनले वेड आणि सर्जन केनेथ टिल यांनी मिळून नवा व्हॉल्व्ह केला. तो तयार होईपर्यंत त्यांच्या मुलाला गरज उरली नव्हती, इतर हजारो मुलांना तो लाभला.

आपल्याकडे डॉ. छाब्रांच्या नावाचा स्वस्त शंट बनतो. युगांडातल्या १९५ मुलांवर त्याची महागड्या परदेशी शंटशी तुलना झाली (२००५). वर्षभराच्या निकालात लक्षणीय फरक आढळला नाही!

मग डोकं का दुखतं? लायडनमधून कारभार चालणाऱ्या राइनलँडच्या पाणीमंडळाला विचारा. १२५५ च्या सनदेत उल्लेख असलेलं हे मंडळ पाणी चढू देत नाही, तसं फार उतरूही देत नाही. पाणी फार उतरलं तर जुन्या घरांखालच्या लाकडी खांबांना हवा लागून ते कुजतात. डोक्याचंही तसंच. माणूस उभा राहिला की डोक्यापासून पोटापर्यंत पाण्याचा उभा स्तंभ होतो, आणि ड्रममध्ये टाकलेल्या रबरी नळीसारखा तो पाणी ओढायला लागतो. जास्त ओढलं गेलं की डोकं दुखतं. अशी दुखी बहुधा उठल्यावर वाढते, आडवं झालं की उतरते. उलट नळी तुंबली तर दुखी बहुधा आडवं असताना, पहाटे वाढते. सोबत उलट्या, पेंग, दोन-दोन दिसणं. ताप असेल तर जंतुसंसर्गाची शंका. अशा वेळी गोळीवर वेळ न काढता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आणि साधी अर्धशिशी किंवा चष्म्याचा नंबर हीसुद्धा कारणं असतातच. नेहमी इतकी सरळ विभागणी होत नाही, म्हणून निदान डॉक्टरांचंच. शिवाय चुंबकाने दाब बदलता येणारा व्हॉल्व्ह असेल तर एमआरआयनंतर तो तपासून घ्यावा लागतो.

मी ताईला एक वही घालायला सांगितली. कधी दुखलं, उभी होती की आडवी, उलटी झाली का, झोपून बरं वाटलं का. दोन वर्षं त्यात बहुतेक 'अभ्यासाच्या वेळी' असंच लिहिलेलं होतं. आम्ही तिला हसायचो. मग एका आठवड्यात सलग तीन नोंदी आल्या: पहाटे, आडवी असताना, उलटी. ताईने मला फोन केलाच नाही. वही घेऊन थेट दवाखान्यात गेली. नळी तुंबली होती. संध्याकाळपर्यंत बदलली.

मला कळलं दुसऱ्या दिवशी. आधी रागच आला, मग लक्षात आलं की फोन न येणं हीच तर त्या वहीची कमाई. असो. त्या संध्याकाळी ३१ नंबरसमोर जरा जास्तच वेळ उभा राहिलो.