खानदेशातील बैल आणि पशुकल्याण

जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या शेतीतील प्रमुख ओढकामाचा पशू. नांगरणी, वखरणी, कोळपणी आणि मालवाहतूक ही कामे येथे पिढ्यान्‌पिढ्या बैलजोडीवर होत आली. खिल्लार जातीचा ‘तापी खिल्लार’ हा प्रकार जुन्या पश्चिम खानदेशात, सातपुड्याच्या परिसरात विकसित झाला.

श्रावण अमावास्येच्या पोळ्याला बैलांच्या मानेवर जू ठेवत नाहीत. आदल्या दिवशी खांदेमळणी होते. जुवाने घासलेल्या खांद्यांना हळद आणि लोणी किंवा तूप चोळतात. सणाच्या दिवशी शिंगे रंगवून, झूल घालून बैलांना पुरणपोळी भरवतात. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांनी ‘पोया’ या कवितेत हा सण वर्णिला आहे. जनावराच्या कष्टांचे ऋण मालकावर असते, ही या प्रथांमागची धारणा होय.

वर्षभराची वागणूक कायदा ठरवतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा १९६० चा आहे. ओढकामाच्या जनावरांविषयीच्या १९६५ च्या नियमांनुसार दिवसात नऊ तासांहून अधिक किंवा विश्रांतीविना सलग पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही. तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या वर असेल तेथे दुपारी बारा ते तीन या वेळेत जनावर जुंपण्यास मनाई आहे. चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या खानदेशात हा नियम विशेष महत्त्वाचा ठरतो. आर लावलेल्या पराणीचा वापरही निषिद्ध आहे.

थकलेल्या बैलाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. राज्याच्या १९७६ च्या कायद्याने गोहत्येवर बंदी घातली, तरी निकामी बैलाच्या कत्तलीस दाखल्यानिशी मुभा होती. २०१५ च्या दुरुस्तीने ती काढून घेतली. बंदीचे समर्थक तीत जीवदया पाहतात. टीकाकारांच्या मते जनावर विकून नवे घेण्याची वाट बंद झाल्याने दुष्काळात चाऱ्याचा भार लहान शेतकऱ्यावर पडतो. गोशाळा व पांजरपोळ हा भार काही अंशीच उचलतात.

पशुकल्याणात रोगनियंत्रणही येते. ऑगस्ट २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाच्या साथीची राज्यातील सुरुवात जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात आढळली. त्यानंतर जनावरांचे बाजार व वाहतूक यांवर निर्बंध आले आणि शासनाने मोफत लसीकरण केले. ट्रॅक्टरच्या प्रसारामुळे बैलजोड्या घटत असल्या, तरी कोळपणीसारख्या कामांसाठी त्या अजूनही वापरात आहेत.