जेम्स बॉण्डचा लेखक १९६४ साली वारला, मग नवी पुस्तकं कोण लिहितंय? आणि आपल्या झुंजारचं असं होऊ शकतं का?

घरात साठी-सत्तरीचं कुणी असेल तर एकदा विचारून बघा, "झुंजार माहितीये का?" जळगाव-धुळ्याकडं अभ्यासाच्या पुस्तकात लपवून रहस्यकथा वाचलेली एक अख्खी पिढी आहे. कुणी भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या दुकानातून आणायचं, कुणी एसटी स्टँडवरच्या स्टॉलवरून, तर कुणी भुसावळ जंक्शनवर गाडीची वाट बघताना घ्यायचं. एक पुस्तक घरात आलं की परत जाईपर्यंत चार जणांचं वाचून व्हायचं.

झुंजार, काळा पहाड आणि धनंजय ही पात्रं बाबूराव अर्नाळकरांची. १९९६ साली बाबूराव गेले. तिकडं जेम्स बॉण्ड लिहिणारे इयान फ्लेमिंग त्यांच्याही ३२ वर्षं आधी गेले होते. तरी बॉण्डची नवीकोरी पुस्तकं आजही येतात. हे कसं जमतं, आणि आपल्याकडं कुणाला करायचं असेल तर कायदा काय सांगतो, ते समजून घेऊ.

आधी थोडक्यात

- लेखक गेला तरी पुस्तकाचे हक्क संपत नाहीत. ते वारसांकडं किंवा करारानं घेतलेल्या कंपनीकडं राहतात.
- नवा लेखक निवडायचा अधिकार या हक्कदारांचा असतो, वाचकांचा किंवा सिनेमावाल्यांचा नाही.
- भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. ब्रिटनमध्ये हाच काळ ७० वर्षांचा आहे.

बॉण्ड नक्की कुणाच्या मालकीचा?

फ्लेमिंग यांचं पहिलं बॉण्ड पुस्तक 'कॅसिनो रॉयल' १९५३ साली आलं. त्यांच्या नावावर एकूण १२ कादंबऱ्या आणि २ कथासंग्रह आहेत. १२ ऑगस्ट १९६४ ला ते गेले तेव्हा पुस्तकांचे हक्क ग्लिड्रोज नावाच्या कंपनीकडं होते. हीच कंपनी आता 'इयान फ्लेमिंग पब्लिकेशन्स' म्हणून ओळखली जाते आणि फ्लेमिंग कुटुंबाकडं आहे.

सिनेमाचा हिशोब वेगळा. २०२५ च्या फेब्रुवारीत बॉण्डपटांची सूत्रं अॅमेझॉन एमजीएमकडं गेल्याची बातमी तुम्ही वाचली असेल. पण पुढच्या सिनेमात बॉण्ड कोण, हे ठरवणारे लोक पुढची कादंबरी कोण लिहिणार हे ठरवत नाहीत.

लेखक निवडायचा कसा?

बॉण्डच्या मालकांनी गेल्या साठेक वर्षांत बऱ्याच वाटा चोखाळून पाहिल्या.

१. मोठा साहित्यिक घ्या. पहिला मान किंग्जली एमिस यांना मिळाला. ते नावाजलेले कादंबरीकार होते आणि बॉण्डवर त्यांनी अभ्यासाचं पुस्तकही लिहिलं होतं. १९६८ साली त्यांची 'कर्नल सन' आली, पण रॉबर्ट मार्कम या टोपणनावानं. फ्लेमिंग यांच्या पत्नी अॅन यांचा या सगळ्याला विरोध होता. म्हणजे 'नव्या माणसानं हात लावायचा की नाही' हे भांडण पहिल्या पुस्तकापासूनचं आहे.

२. दमदार धंदेवाईक लेखक घ्या. १९८१ मध्ये जॉन गार्डनर आले. गंमत म्हणजे त्यांची आधीची ओळख बॉण्डछाप हेरांची खिल्ली उडवणाऱ्या कादंबऱ्यांसाठी होती. त्यांनी बॉण्डला ऐंशीच्या दशकात आणलं, त्याच्या हातात साब गाडी दिली आणि १४ स्वतंत्र कादंबऱ्या लिहिल्या. खुद्द फ्लेमिंगपेक्षा दोन जास्त!

३. कट्टर चाहता घ्या. त्यांच्यानंतरचे रेमंड बेन्सन हे अमेरिकन. त्यांनी १९८४ सालीच बॉण्डवर जाडजूड संदर्भग्रंथ लिहिला होता. बॉण्डच्या जगाचा बारीकसारीक तपशील ज्याला पाठ आहे, त्यालाच लेखणी दिली गेली. २००२ पर्यंत त्यांनी ६ कादंबऱ्या लिहिल्या.

४. दर वेळी नवा पाहुणा बोलवा. २००८ साली फ्लेमिंग यांची जन्मशताब्दी होती. त्या निमित्तानं सेबॅस्टियन फॉक्स यांनी एकच पुस्तक लिहिलं. २०११ मध्ये जेफ्री डीव्हर, २०१३ मध्ये विल्यम बॉइड. मग आले अँथनी होरोविट्झ. त्यांचं पहिलं पुस्तक इतकं जमलं की त्यांना परत बोलावलं आणि २०१५ ते २०२२ मध्ये त्यांची तीन पुस्तकं आली.

५. बॉण्डला बाजूला ठेवा. चार्ली हिग्सन यांनी २००५ पासून शाळकरी बॉण्डच्या गोष्टी लिहिल्या. किम शेरवूड यांच्या २०२२ मध्ये सुरू झालेल्या मालिकेत तर बॉण्ड बेपत्ताच आहे आणि त्याच्या खात्यातले दुसरे हेर कथा पुढं नेतात.

खरा पेच कुठं येतो?

लेखक ठरला तरी एक मोठा प्रश्न उरतोच. हिरोला त्याच्याच काळात ठेवायचं की आजच्या काळात आणायचं?

डीव्हर यांनी बॉण्डला अफगाणिस्तानात लढून आलेला आजचा तरुण केलं. बॉइड यांनी मात्र कथा १९६९ मध्ये ठेवली आणि होरोविट्झ यांनी पहिल्या पुस्तकात थेट १९५७ गाठलं. आजच्या काळात आणलं तर मोबाइल येतो, सीसीटीव्ही येतो आणि जुनी मजा जाण्याची भीती असते. जुन्या काळात ठेवलं तर बायकांबद्दलचे, परदेशी लोकांबद्दलचे जुने विचार तसेच लिहायचे का, हा प्रश्न येतो.

दुसरा प्रश्न भाषेचा. मूळ लेखकाची हुबेहूब नक्कल केली तर ती नक्कलच वाटते. अजिबात नाही केली तर वाचक म्हणतो, 'हा आमचा हिरो नाहीच.' भरताची वांगी आणि मसाला तोच दिला तरी आजीच्या हातची चव सुनेच्या हाताला लगेच येत नाही. पण सुनेनं शेवभाजी वाढून तिला भरीत म्हटलं, तरीही चालणार नाही.

हा खेळ फक्त बॉण्डचा नाही. जेसन बोर्नवर रॉबर्ट लडलम यांनी स्वतः तीनच कादंबऱ्या लिहिल्या. २००१ मध्ये ते गेल्यावर एरिक व्हॅन लस्टबेडर आणि नंतर ब्रायन फ्रीमन यांनी त्याच्या कितीतरी पट लिहिल्या. जॉन ल कारे यांच्या जॉर्ज स्मायलीला त्यांच्या मुलानं, निक हार्कवे यांनी, २०२४ मध्ये नव्या कादंबरीत परत आणलं. उलट टिनटिनचे जनक हर्जे यांची इच्छा होती की आपल्यामागं कुणी टिनटिन काढू नये. १९८३ साली ते गेले आणि टिनटिनचे नवे अल्बम थांबले.

भारतात हे आधीच झालंय!

उर्दूतले इब्ने सफी आठवा. त्यांची 'जासूसी दुनिया' १९५२ साली अलाहाबादहून सुरू झाली आणि १९५५ मध्ये इम्रान आला. १९६० नंतर ते तीनेक वर्षं आजारी पडले, तर बाजारात त्यांच्या नावाशी मिळत्याजुळत्या नावांच्या नकली लेखकांचा सुळसुळाट झाला. १९८० साली ते गेले. त्यानंतरही पाकिस्तानात मजहर कलीम आणि इतरांनी इम्रानच्या शेकडो गोष्टी लिहिल्या. हिंदीत वेद प्रकाश कंबोज यांचा 'विजय' पुढं वेद प्रकाश शर्मा यांच्या कादंबऱ्यांत आला, आणि शर्मांनी त्याच्या जोडीला 'विकास' उभा केला.

म्हणजे आपल्याकडं हिरो दुसऱ्याच्या हाती गेले, पण बॉण्डसारखं बसून, विचार करून लेखक निवडणारी यंत्रणा त्यामागं नव्हती.

आता मुद्द्याचं: मराठी हिरोंचे हक्क कधीपर्यंत?

कॉपीराइट कायदा १९५७ नुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं मोजतात. हिशोब असा होतो:

- बाबूराव अर्नाळकर (झुंजार, काळा पहाड): मृत्यू १९९६, हक्क २०५६ अखेरपर्यंत.
- सुहास शिरवळकर (दारा बुलंद, मंदार पटवर्धन): मृत्यू २००३, हक्क २०६३ अखेरपर्यंत.
- गुरुनाथ नाईक (कॅप्टन दीप): मृत्यू २०२१, हक्क २०८१ अखेरपर्यंत.
- इयान फ्लेमिंग: मृत्यू १९६४, त्यांच्या हयातीत आलेल्या पुस्तकांचे भारतातले हक्क २०२४ अखेर संपले.

शेवटची ओळ परत वाचा. धुळ्यातल्या एखाद्या मुलीनं उद्या 'कॅसिनो रॉयल'चा मराठी अनुवाद भारतात छापला, तर कॉपीराइटची परवानगी लागणार नाही. पण तिनं झुंजारची नवी कादंबरी काढायची ठरवली, तर २०५६ पर्यंत हक्कदारांना विचारावंच लागेल. सातासमुद्रापलीकडचा हेर मोकळा झालाय, आपला अजून कुलपात आहे.

मात्र सावधान. हा हिशोब फक्त भारतापुरता आहे. ब्रिटनमध्ये फ्लेमिंग यांचे हक्क २०३४ अखेरपर्यंत आहेत, त्यामुळं पुस्तक तिकडं विकता येणार नाही. '००७' सारख्या चिन्हांचे ट्रेडमार्क वेगळे असतात. आणि सिनेमातल्या गोष्टी उचलल्या तर सिनेमावाले दारात येतील.

परवानगी मागायची कुणाकडं?

इथं खरी अडचण आहे. पातळ कादंबऱ्यांच्या धंद्यात बरेचदा एकरकमी मानधन देऊन पुस्तक घेतलं जायचं. मग हक्क लेखकाच्या घरी राहिले की प्रकाशकाकडं गेले, हे कागद बघितल्याशिवाय सांगता येत नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीचा करार लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. पण ही मुदतीची तरतूद १९९४ च्या दुरुस्तीनं आली, त्याआधीच्या करारांना ती लागू होत नाही. आणि आपले बहुतेक हिरो त्याआधीचेच!

मृत्युपत्र नसेल तर काय होतं, हे स्वीडनच्या स्टीग लार्सन यांच्याबाबतीत जगानं पाहिलं. २००४ साली ते गेले, पुस्तकं नंतर जगभर गाजली. पण वैध मृत्युपत्र नव्हतं आणि लग्नही झालेलं नव्हतं. सगळे हक्क वडील आणि भावाकडं गेले. वर्षानुवर्षं सोबत राहिलेल्या एव्हा गॅब्रिएल्सन यांचा नव्या लेखकाला विरोध होता. तरी २०१५ मध्ये डेव्हिड लागरक्रांट्स यांचं पुस्तक आलंच.

म्हणून घरात कुणी लिहिणारं असेल, तर तीन गोष्टी आत्ताच करून ठेवा. प्रकाशकांशी झालेले करार एका फाइलमध्ये लावा. पुस्तकांचे हक्क कुणाला, हे मृत्युपत्रात स्पष्ट लिहून घ्या. आणि आपल्यामागं आपलं पात्र दुसऱ्या कुणी लिहावं की लिहू नये, हेही त्यांनाच विचारून ठेवा.

आणि माळ्यावर पिवळ्या पानांचा झुंजार किंवा कॅप्टन दीप पडला असेल तर रद्दीत देऊ नका. उद्या कुणी परवानगी मिळवून नवी गोष्ट लिहायला बसलं, तर त्याला आधी जुनी वाचावी लागेल. फ्लेमिंगची पुस्तकं कुठल्याही दुकानात मिळतात. आपल्या हिरोची प्रत कदाचित तुमच्याच घरात असेल.