आसन आणि आश्रय

आसन म्हणजे देहाला दिलेला दंड, आणि वेदना जितकी अधिक तितकी साधना मोठी, असा एक समज आपल्यात रूढ आहे. देवळाच्या सभामंडपात आसनांचा अभ्यास चालला असता भिंतीला पाठ टेकणारा वृद्ध ओशाळतो. आम्हीही चाळिशी उलटल्यावर अभिमानापोटी पद्मासनाचा हट्ट धरला, आणि कित्येक महिने देवळाच्या पायऱ्या कठडा धरून चढलो. त्या दुखण्याने आम्हांस मूळ ग्रंथांकडे वळविले. कायदा खरोखर काय म्हणतो ते आधी पाहावे, ही वकिलाची सवयच होय.

पतंजलींनी आसनाच्या लक्षणात दोनच गोष्टी मागितल्या आहेत: स्थैर्य आणि सुख. त्या सूत्रावरील व्यासभाष्यात जी आसने नावानिशी सांगितली आहेत, त्यांत पद्मासन, वीरासन यांच्याच पंक्तीस ‘सोपाश्रय’, म्हणजे आधारासह बसणे, हे एक आहे. टीकाकार वाचस्पतिमिश्र त्याचा संबंध योगपट्टाशी जोडतात. यादीच्या अखेरीस ‘यथासुख’ हेही नाव येते.

योगपट्ट म्हणजे बैठक स्थिर राहावी म्हणून गुडघ्यांभोवती बांधावयाचा पट्टा. योगनरसिंहाच्या मूर्तींत तो दिसतो. शबरीमलच्या अय्यप्पाच्या गुडघ्यांभोवतीही तो आहे. देवाच्या गुडघ्यांस जो आधार शोभतो, त्याची भक्ताच्या गुडघ्यांनी लाज का बाळगावी?

पुढे हा विचार नव्या रूपाने प्रकटला. बडोदे संस्थानातील डभई येथे १८८३ साली जन्मलेल्या स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून आसनांचे देहावरील परिणाम प्रयोगशाळेत तपासण्यास आरंभ केला. बेळ्ळूर येथे १९१८ साली जन्मलेले बी. के. एस. अय्यंगार बालपणी हिवताप, विषमज्वर आणि क्षय यांनी जर्जर झाले होते. १९३७ मध्ये ते पुण्यास शिकवू लागले. दुबळ्या शिष्यांसही आसन साधावे म्हणून त्यांनी दोर, पट्टे, लाकडी ठोकळे आणि खुर्च्या अभ्यासात आणल्या. पुण्यातील त्यांची संस्था १९७५ साली उभी राहिली.

यामागील कारण साधे आहे. पद्मासनात मांडी खुब्यापासून बाहेर वळावी लागते. खुबा वळला नाही, तर तो पीळ गुडघ्यावर येतो. आणि गुडघा हा मुख्यतः बिजागरीसारखा सांधा असल्याने त्यास पीळ सोसत नाही. अशाने साधी मांडी घालून, घडी केलेल्या घोंगडीवर बैठक उंच घ्यावी. कण्यासही त्याने सरळ राहणे सुकर होते. स्नायूंतील सौम्य ताण चालेल. परंतु सांध्यात कळ आली किंवा पाय बधिर झाला, तर आसन तेथेच सोडावे, आणि दुखणे न हटल्यास वैद्यास दाखवावे.

आधार घेणे हा आसनाचा भंग नव्हे, हा आमचा निष्कर्ष. आम्ही आता घोंगडीवर बसतो, आणि देवळाच्या पायऱ्या कठडा न धरता चढतो.