रिळावरचा आकडा: एका धाग्याचा इतिहास

मासेमारीच्या दुकानात रिळे मांडलेली असतात आणि प्रत्येकावर एक आकडा असतो: १०००, २५००, ४०००, ८०००. किनाऱ्यावर उभे राहून कृत्रिम आमिष, म्हणजे ल्युअर, फेकायचे असेल तर यांतले कोणते घ्यावे? नवशिका बहुधा 'समुद्र आहे, मोठेच घेऊ' असे म्हणतो आणि तासाभरात मनगट चोळत बसतो. त्याची ही समजूत मूर्खपणाची नाही. ती जुनी आहे, एवढेच. ती कुठून आली हे पाहायचे तर दोऱ्याचा माग काढावा लागतो. आजच्या धाग्याचा विषय धागाच आहे.

काठीला चाक लावून दोरा गुंडाळण्याची कल्पना फार जुनी. चिनी चित्रकार मा युआन याच्या ११९५ च्या सुमाराच्या चित्रात असे चाक दिसते. पण ते दोरा साठवण्यासाठी होते. आमिष दूर फेकायचे म्हटले की खरी अडचण सुरू होई.

मांजाची फिरकी धरून उभे राहिलेल्यांना ही अडचण समजावून सांगायला नको. पतंग ओढ घेतो, फिरकी गरागरा सुटते. ओढ सैल पडते, पण फिरकी थांबत नाही, आणि मोकळ्या झालेल्या मांजाचा गुंता होतो. जुन्या रिळांचे हेच होते. शिवाय फेकताना आमिषाला अख्खी फिरकी फिरवावी लागे. शिसाचे जड वजन ती ओढून नेई, हलक्या आमिषात तेवढे बळ नसे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत केंटकीमधील जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने दातेरी चक्रांचे सफाईदार रीळ घडवले. त्याने दोरा भराभर गुंडाळला जाऊ लागला, तरी फेकताना फिरकी फिरायचीच.

स्कॉटलंडमधील पर्थ येथील पीटर मॅलॉक याने १८८४ मध्ये प्रश्नच उलटा केला. फेकण्याच्या वेळी त्याचे रीळ काटकोनात वळवायचे. मग फिरकी स्थिर राही आणि दोरा तिच्या कडेवरून वेटोळ्या-वेटोळ्यांनी निसटे. ओढताना रीळ पुन्हा सरळ करायचे. युक्ती उत्तम, पण प्रत्येक फेकीगणिक दोऱ्याला पीळ पडे.

यानंतरचे पाऊल मासेमाराच्या नव्हे, गिरणीमालकाच्या डोक्यातून निघाले. ब्रॅडफर्ड ही इंग्लंडमधील लोकरी सुताची नगरी. तेथील आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ याने १९०५ मध्ये स्थिर फिरकीच्या रिळाचे पेटंट घेतले. सूतगिरणीत कांडीच्या टोकावरून सूत उलगडताना पाहून ही कल्पना सुचली, असे सांगतात. गिरणगावात आजोबा-पणजोबा राबलेल्या वाचकांना हे दृश्य निदान ऐकून ठाऊक असेल. इलिंगवर्थच्या रिळात फिरकी फिरतच नाही. मूठ फिरवली की एक आकडी फिरकीभोवती फिरते आणि दोरा तिच्यावर गुंडाळते. फेकताना आमिषाला फक्त दोऱ्याचे वजन वाहावे लागते. हलके आमिष पहिल्यांदाच खरोखर दूर गेले.

मात्र यासाठी दोरा बारीक हवा होता. फिरकीच्या काठाशी प्रत्येक वेटोळे घासते. दोरा कमी होत गेला की त्याची पातळी काठाखाली उतरते, घर्षण वाढते आणि फेक आखडते. दोरा जाड असेल तर पातळी झपाट्याने उतरते. म्हणून इलिंगवर्थचे रीळ तलम रेशमी दोऱ्यावर, नदीतल्या ट्राउटसाठी चालले. समुद्रावर वापरल्या जाणाऱ्या जाड तागाच्या दोऱ्याला ते मानवले नाही.

१९३८ मध्ये ड्यू पाँटने नायलॉन जाहीर केले आणि युद्धानंतर त्याचा एकपदरी दोरा सर्वत्र पोहोचला. तो कुजत नव्हता, पाणी फारसे शोषत नव्हता. पण समुद्राला पुरेल इतका मजबूत नायलॉन दोरा जाड होता आणि स्प्रिंगसारखा उसळे. उपाय एकच: फिरकीच मोठी करा. फ्रान्समधील क्लूझ या घड्याळकारांच्या गावी बनणाऱ्या मिचेल ३०० चे समुद्रासाठीचे भावंड ३०२ असेच थोराड होते. १९६० च्या दशकातले अमेरिकन पेन ७०४ तसेच. 'समुद्र म्हणजे मोठे रीळ' ही समजूत याच काळातली.

आकड्यांची गंमत इथेच पाहून घ्यावी. मिचेलचे ३०८ हे ३०० पेक्षा लहान, तर ३०२ मोठे. पेनचे ७१६ हे ७०४ पुढे अगदी चिमुकले. हे आकडे मापे नव्हतेच, नुसती नावे होती. आज आकडा मोठा तसे रीळ मोठे, एवढी शिस्त आली आहे; पण दोन कंपन्यांचे ४००० तंतोतंत सारखे असेलच असे नाही. शिमानोच्या सी५००० या रिळाचा सांगाडा ४००० चाच असतो, फक्त फिरकी अधिक दोरा मावेल अशी. आकडा मुख्यतः फिरकीचा, हे त्यावरून उमगते.

१९९० च्या दशकात पॉलिथिलीनच्या तंतूंचा विणलेला दोरा आला. तेवढ्याच ताकदीच्या नायलॉनच्या साधारण निम्म्या जाडीचा. जाडी निम्मी म्हणजे लागणारी जागा चौथाई. मोठ्या फिरकीचे मूळ कारणच उरले नाही, समजूत मात्र उरली.

तेव्हा दहा ते तीस ग्रॅमचे आमिष, नऊ-दहा फुटांची काठी आणि विणलेला बारीक दोरा असेल, तर ३००० किंवा ४००० पुरते. फार तर ५०००. यांतली पुष्कळ रिळे तीनशे ग्रॅमच्या आत-बाहेर असतात, तर ८००० ची मजबूत सागरी रिळे सहाशेच्या पुढे जातात. ल्युअरवाला एका सकाळी शेकडो वेळा फेकतो, त्यामुळे हा फरक खांद्याला कळतो. मोठ्या फिरकीचे वेटोळेही मोठे. ते काठीच्या पहिल्या कडीतून जाताना अधिक फडफडते. खडकांवरून शंभर ग्रॅमची आमिषे फेकून दांडग्या माशांशी झुंजणाऱ्याला १४००० घ्यावे लागते, पण तिथे प्रश्न दोरा मावण्यापेक्षा ब्रेकच्या आणि दातेरी चक्रांच्या ताकदीचा असतो.

रीळ कोणतेही घ्या, फिरकी काठाच्या एक-दोन मिलिमीटर खालपर्यंत भरा. बारीक दोरा तेवढा पुरत नसेल तर तळाशी जुना नायलॉन गुंडाळतात. तो गुळगुळीत फिरकीवरून विणलेल्या दोऱ्याला घसरूही देत नाही.