हवालदार मामांचा खोकला



नोव्हेंबर आला की मला अजून आमच्या शाखेतली रांग आठवते. बेळगावच्या कॅम्पाजवळच्या शाखेत मी दोन खेपांना मिळून सात वर्षं काढली. माजी सैनिकांची पेन्शन खाती आमच्याकडं शेकड्यांनी होती. हयातीचा दाखला द्यायला खानापूर, चंदगड, कडोली, येळ्ळूर, सगळीकडून माणसं यायची. माणूस समोर उभा आहे, सही करतोय, म्हणजे हयात आहे, एवढंच त्या फॉर्मला हवं असायचं. रांगेत खोकला सारखा ऐकू यायचा, पण तो विचारणारा रकाना फॉर्मात नव्हता, आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

आमच्या शाखेचे गार्डही माजी सैनिकच. सगळे त्यांना हवालदार मामा म्हणायचे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनचे, म्हणजे जंगी पलटणीचे. १९७१ च्या डिसेंबरात जमालपूरला होते. तिथल्या पाकिस्तानी कमांडरनं शरणागतीच्या पत्राला उत्तर म्हणून कागदात गुंडाळून बंदुकीची गोळी पाठवली, हा किस्सा आपल्यापैकी अनेकांनी वाचलेला असेल. मामा तो सांगायचे तेव्हा कॅशियर नोटा मोजायचा थांबायचा. जेवणाच्या सुट्टीत शाखेच्या मागच्या पायरीवर आम्ही दोघं बसायचो. ते बिडी ओढायचे, मी सिगरेट. साहेब आणि गार्ड असला भेद त्या पायरीवर नव्हता.

एकदा मी विचारलं, "मामा, ही सवय कुठली? घरची?"

"छ्या! घरात आमच्या बापानं तंबाखूला हात लावला नव्हता. पलटणीत लागली की सायेब. वर पोस्टवर रेशनात सिगरेट मिळायची. थंडीत दुसरं करणार तरी काय? उतरून आलो की क्यांटीनात पाकीट, नायतर बिडी."

हे मी तेव्हा ऐकून सोडून दिलं. निवृत्तीनंतर वाचनाला वेळ मिळाला तेव्हा कळलं की मामांची गोष्ट एकट्याची नव्हे. फौज आणि तंबाखू यांची सोबत शंभर वर्षांवरची आहे. १९१४ च्या ख्रिसमसला इंग्लंडच्या राजकन्या मेरीच्या नावानं आघाडीवरच्या सैनिकांना पितळी डबी भेट गेली. गोऱ्या सैनिकांच्या डबीत तंबाखू आणि सिगरेटी. हिंदी सैनिकांसाठी वेगळा विचार केला होता: शिखांना खडीसाखर आणि मसाला, गुरख्यांना गोऱ्यांसारखीच डबी, आणि बाकीच्यांना सिगरेटचं पाकीट, खडीसाखर, मसाल्याची डबी. शिखांचा धर्म तंबाखूच्या आड येतो हे लक्षात ठेवून ती वगळली, म्हणजे काम किती नीट केलं होतं बघा. खडकीच्या सॅपर्सच्या कंपन्या तेव्हा फ्रान्सात होत्या आणि त्यांत मराठे होते. त्या 'बाकीच्यां'त आपली माणसं आलीच.

दुसऱ्या महायुद्धात तर ब्रिटिश आणि अमेरिकन फौजेत सिगरेट रेशनाचाच भाग झाली. भूक मारते, झोप उडवते, हात थरथरायचे थांबतात, असं तेव्हाच्या अधिकाऱ्यांना वाटे. त्यांची नियत वाईट होती असं मला वाटत नाही. उद्या मरू शकणाऱ्या पोराला चाळीस वर्षांनंतरच्या फुफ्फुसाची काळजी कोण सांगणार?

पुढं १९५० साली रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या इस्पितळांतल्या रोग्यांची पाहणी छापली. डॉल स्वतः महायुद्धात फौजेच्या वैद्यकीय दलात होते आणि सिगरेट ओढायचे. फुफ्फुसाचा कॅन्सर वाढतोय तो मोटारींमुळं किंवा रस्त्यांच्या डांबरामुळं असेल, असा त्यांना आधी संशय होता. आकडे बोलू लागले तेव्हा त्यांनी स्वतःची सिगरेट सोडली. १९६४ च्या जानेवारीत अमेरिकेच्या सर्जन जनरलनं सरकारी अहवाल काढून तेच सांगितलं. तरी अमेरिकन सैनिकाच्या रेशनच्या डब्यातून सिगरेट निघाली ती १९७५ साली. सरकारच्या एका खात्याला कळलेलं दुसऱ्या खात्यात पोचायला अकरा वर्षं! बँकेत नोकरी केलेल्या माणसाला याचं फार नवल वाटत नाही.

आपल्याकडं तर तंबाखू दाराशीच. निपाणीची बिडीची तंबाखू साऱ्या देशात जाते. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तिथल्या शेतकऱ्यांनी भावासाठी महामार्ग अडवला, गोळीबारात माणसं गेली. त्या तंबाखूवर आपल्या जिल्ह्यातली किती घरं उभी राहिली आणि किती पोरं शिकली हे मला माहीत आहे, त्यांची कर्जखाती मी पाहिलीत. म्हणून तंबाखूला शिव्या घालायला हे लिहीत नाही.

२००३ च्या पावसाळ्यात मामांचा खोकला लांबला. मी म्हटलं, "दाखवून घ्या." "सायेब, बिडीवाल्याला खोकला असतोयच की." ही एक आडकाठी. दुसरी मला फार उशिरा कळली. फौजेत माणसाची मेडिकल कॅटेगरी असते. ती खाली आली की बढती अडते, चांगली पोस्टिंग हुकते, कधी नोकरीच आटोपते. शिवाय जो सारखा सिक रिपोर्ट करतो तो कामचुकार, असं पलटणीत मानतात. सतरा वर्षं दुखणं लपवायची सवय झालेला माणूस गावी आल्यावर आपणहून डॉक्टरकडं कसा जाईल? मामा पाय मुरगळला तरी ताठ चालायचे.

शेवटी गेले. एक्सरेत डाग दिसला. थुंकीत टीबीचे जंतू मिळाले नाहीत, तरी टीबीच असणार म्हणून औषधं सुरू झाली. कुणा डॉक्टरला मी दोष देत नाही. आपल्या देशात टीबी इतका की डाग दिसला की आधी तोच आठवतो. पण त्यात चार महिने गेले. रक्त पडायला लागलं तेव्हा मोठ्या शहरात सीटी स्कॅन झालं. कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता. २००४ च्या जुलैत मामा गेले, गार्डच्या नोकरीचं एक वर्ष शिल्लक असताना. मी त्याच आठवड्यात सिगरेट सोडली. वारस म्हणून मामींचे कागद मीच केले. फॅमिली पेन्शनच्या फॉर्मवर अंगठा उठवताना त्या म्हणाल्या, "तुमी रोज संगट बसत होता की वो." एवढंच म्हणाल्या.

आता खरं सांगायचं तर मामांच्या वेळी करण्यासारखी तपासणी सिद्धच झालेली नव्हती. निरोगी दिसणाऱ्या धूम्रपानींचे वरचेवर एक्सरे काढायचे प्रयोग अमेरिकेत आधी झाले होते, त्यानं मरण टळत नाही असंच निघालं. म्हणून "माझा एक्सरे क्लिअर आहे" या वाक्यावर फार विसंबू नका. मग तिथंच ५३ हजारांवर माणसांची पाहणी झाली, तिचा निकाल २०११ साली आला. ५५ ते ७४ वयाची, खूप सिगरेट ओढलेली माणसं. निम्म्यांना तीन वर्षं दरसाल एक्सरे, निम्म्यांना कमी किरणांचं सीटी स्कॅन. सीटीवाल्यांत फुफ्फुसाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. साधारण ३२० जणांना तपासलं की एक जीव वाचतो, असा हिशेब निघाला. ताळेबंदाची दुसरी बाजूही सांगतो: जवळपास चारातल्या एका तपासणीत काहीतरी दिसलं, आणि त्यातल्या शंभरात शहाण्णव वेळा तो कॅन्सर नव्हता. आपल्याकडं जुन्या टीबीचे डाग घेऊन फिरणारे पुष्कळ, तेव्हा असा घोर आपल्याला जास्तच लागू शकतो. तो सोसायची तयारी ठेवूनच जावं.

२०२१ पासून अमेरिकेतला नियम असा: वय ५० ते ८०, ओढणं चालू असेल किंवा सोडून १५ वर्षं झाली नसतील, आणि 'पाकीट-वर्षं' किमान २०. रोजची पाकिटं गुणिले वर्षं. रोज एक पाकीट २० वर्षं, किंवा दोन पाकिटं १० वर्षं. तिथल्या माजी सैनिकांच्या सरकारी इस्पितळांत ही तपासणी मिळते. आपल्या सरकारी तपासणीत तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे, फुफ्फुसाचा नाही. म्हणजे इथं कुणी बोलावणार नाही, स्वतः विचारायला लागतं. ईसीएचएसचं कार्ड असेल तर पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरांना आपलं गणित स्पष्ट सांगा: किती ओढली, किती वर्षं, कधी सोडली. बिडीचा पाकिटाशी हिशेब या नियमात नाही, तरी कट्ट्यांचा आकडा सांगाच. आणि खोकला तीन आठवड्यांवर असेल, थुंकीत रक्त असेल, वजन उतरत असेल, तर ही तपासणी नव्हे, त्याच दिवशी डॉक्टर.

माझं गणित मी केलं. रोज सहा, पंचवीस वर्षं, साडेसात भरलं. सोडूनही वीस वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला गरज नाही. जमालपूरवाले आता पंचाहत्तरीच्या पुढं, त्यांना या नियमात थोडाच काळ उरलाय. श्रीलंकेला गेलेले साठीत आहेत. कारगिलला पंचविशीत होते ते पन्नाशी ओलांडून गेले. वेळ त्यांची आहे.

मामांचा थोरला मुलगाही मराठा लाइट इन्फंट्रीतूनच निवृत्त झाला. आता त्रेपन्नाचा आहे. गेल्या वर्षी लग्नात भेटला, मी त्याला बाजूला घेऊन विचारलं. रोज एक पाकीट, बावीस वर्षं, सोडून आठ झाली. पत्रिकेच्या पाठीवरच हिशेब मांडून दिला. "काका, मला काय झालंय?" अगदी बापाचाच आवाज. तीन महिने टाळाटाळ केली, मग मीच सोबत गेलो. इंजेक्शन नाही, काही नाही. आडवं व्हायचं, हात वर, काही सेकंद श्वास रोखायचा. बाहेर आला तेव्हा मी चहा संपवलाही नव्हता.

रिपोर्टात उजवीकडं चार मिलिमीटरचा ठिपका आला. लहान आहे, आत्ता काही करायचं नाही, वर्षानं परत काढा, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. त्या रात्री त्याला झोप लागली नाही, हे त्याच्या बायकोनं सांगितलं. आता हयातीचा दाखला तो मोबाईलवर देतो, बँकेत यायला लागत नाही. पण या नोव्हेंबरात तारीख मिळाली आहे, आणि त्यानं मला सकाळी नऊला कॅम्पात बोलावलंय.