मानपानाच्या कलमांतून दिसणारा गांव

जुन्या दप्तरांचे रुमाल सोडतांना संशोधकाचा हात प्रथम सनदा, तह व राजपत्रें यांकडे वळतो, हें स्वाभाविक आहे. ज्यांत लढाई नाहीं, प्रसिद्ध पुरुषाचें नांव नाहीं, असे वतनी तंट्यांचे महजर व खरेदीखतें ‘किरकोळ’ असा शेरा मिळून पुन्हां बांधून ठेविलीं जातात. पुष्कळदां बांधलींही जात नाहींत, आणि मग वाळवी आपलें काम करते. परंतु रोजच्या व्यवहारांत समाज कसा चाले हें समजण्यास या किरकोळ कागदांइतकें बोलकें साधन दुसरें नाहीं, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे.

पाटिलकीच्या वांटणीचे कागद घ्यावे. पाटिलकी विकतां येई, तिचे निमे-चौथाई हिस्से होत, आणि विकत घेणारास जो कागद लिहून देत त्यांत जमीन व हक्क यांच्या जोडीस मानपानाचीं कलमें तपशीलवार उतरलेलीं असत. होळीची पोळी पहिली कोणाची, पोळ्याचा बैल वेशींतून आधीं कोणाचा जावा, टिळा-विडा प्रथम कोणास, दसऱ्यास आपट्याचें पूजन कोणीं करावें, शिरपाव कोणीं घ्यावा, वाजंत्री आधीं कोणाच्या दारीं जावी, कागदावर नांगराची निशाणी कोणीं करावी! जो मान दुभागतां येत नसे त्यास थोरल्यानें आधीं, धाकट्यानें मागून, अथवा दोघांनीं बरोबरीनें, अशी तोड निघे.

आजच्या वाचकास हें हास्यास्पद वाटेल. पण बैल पुढें काढण्याचा अधिकार पैसे मोजून घेतला जाई, यावरून मान ही मनाची समजूत नसून मिळकत होती हें उघड आहे. याज्ञवल्क्यस्मृतींत लिखित, भुक्ति व साक्षी अशीं तीन प्रमाणें सांगितलीं आहेत. प्रतिवर्षीं साऱ्या गांवादेखत वेशींतून पहिला जाणारा बैल ही भुक्तीच होय, आणि पाहणारा गांव हाच साक्षी. ज्यानें एका वर्षीं पोळी मागें ठेविली त्याच्या नातवाचा दावा दुबळा होई. म्हणूनच सणाच्या दिवशीं काठ्या निघत. भोळ्या भाविकपणाचा त्यांत फारसा संबंध नाहीं.

महजराची अखेरची बाजू तर अधिकच बोधप्रद. तेथें पाटील-कुलकर्ण्यांखालीं बलुतेदारांचीं नांवें येतात, आणि लिहितां न येणारा आपल्या धंद्याचें हत्यार निशाणी म्हणून काढतो. याच ओळींत महारही आहे. शिवेच्या तंट्यांत त्याच्या साक्षीस मोठें वजन असे, कारण गांवची हद्द त्याच्याइतकी कोणासच ठाऊक नसे. पण त्याचें स्वतःचें घर गांवकुसाबाहेर. ज्याच्या शब्दावर गांवची सीमा ठरे त्यास गांवांत बिऱ्हाड नाहीं, हा विसंवाद स्मृतिग्रंथ वाचून कळत नाहीं. तेथें केवळ विधिनिषेध आहेत. महजर वाचतांना तो डोळ्यांत भरतो, आणि भरावाच.

राजवाड्यांच्या ‘साधनां’चा पहिला खंड १८९८ सालीं निघाला, तेव्हांपासून असे कागद छापले जात आहेत. १९१५ सालच्या ‘गांव-गाडा’ ग्रंथांत त्रिंबक नारायण आत्रे यांनीं चालू व्यवहारावरून हाच विषय मांडला. पुण्यानजीकच्या लोणीचें टॉमस कोट्स या इंग्रज वैद्यानें लिहिलेलें वर्णन १८२३ सालीं लंडनास प्रसिद्ध झालें, व त्याच गांवाचा डॉ. घुर्ये यांनीं पुन्हां अभ्यास करून १९६० सालीं ग्रंथ लिहिला. हे सर्व निरीक्षक मोठे, तरी ते पाहणारे. महजरांत गांव स्वतः बोलतो.

परगणे व कुलकर्णी वतनें १९५० च्या, कनिष्ठ ग्रामवतनें १९५८ च्या, आणि मुलकी पाटिलकी १९६२ च्या कायद्यानें संपली. हक्क गेला तेव्हां कागद जपण्याचें कारणही गेलें, आणि घर पाडतांना माळ्यावरचीं गांठोडीं रद्दींत जातात. संग्राहकांस विनंती इतकीच कीं, अशा रुमालांतून एखादी मोर्तबाची सनद तेवढी उचलून बाकीचे कागद विखुरूं नयेत. गांव, घराणें व रुमालांतील क्रम टिपून ठेवावा. छायाचित्र घेतांना लांब कागदाची पाठही घ्यावी, कारण दोन बंद जेथें चिकटविले त्या जोडावरील खूण पुष्कळदां पाठीवरच असते.